आबांचं लिबरेटर: शून्यापासून एक बॉम्बर बनवताना

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ राहावा म्हणून फार काटछाट केलेली नाही.)

मध्येच कुकरची शिट्टी ऐकू आली तर सांभाळून घ्या. आजचा भाग मी स्टुडिओत नाही, घरी माझ्या कामाच्या टेबलावर बसून रेकॉर्ड करतेय, आणि हे टेबल स्वयंपाकघराला लागूनच आहे.

टेबलावर एक विमान आहे. अर्धवट. एक पंख लागलाय, दुसरा कपाटावर ठेवलाय, कारण दोन्ही लावले तर घरातल्यांना बाल्कनीत जाता येत नाही. अडीच वर्षं झाली मी हे बनवतेय. विकतचा किट नाही. प्लास्टिकची शीट, ॲल्युमिनियमची टेप, इंजेक्शनच्या सुया, मिठाईच्या बॉक्सची झाकणं, असल्या गोष्टींतून. याला स्क्रॅच-बिल्डिंग म्हणतात. मराठीत सरळ 'शून्यापासून' म्हणूया.

तर हे कुठलं विमान, ते असं का बनवतेय, आणि सगळ्यात मोठी चूक कुठे केली, हे तिन्ही सांगते.

विमान कुठलं?

बी-24 लिबरेटर. दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं अमेरिकन बॉम्बर. पहिलं उड्डाण 29 डिसेंबर 1939. सगळे प्रकार धरून 18 हजारांहून जास्त बनली. फोर्ड, म्हणजे मोटारींवाली फोर्ड, त्यांनी मिशिगनमध्ये विलो रन नावाचा प्रचंड कारखाना उभा केला आणि ऐन भरात तिथून साधारण तासाला एक विमान बाहेर पडायचं. तासाला एक! मला एक चाक करायला तीन रविवार लागले.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं विमान, तुझा काय संबंध? संबंध आहे. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते. साठच्या दशकात पुण्याला, लोहगावला. आणि ते ज्यावर काम करायचे ते हेच विमान. भारतीय हवाई दलाने लिबरेटर 1968 पर्यंत वापरलं. जगातल्या बहुतेक देशांनी ते कधीच मोडीत काढलं होतं.

आपल्याकडे ती आली कशी, ही गोष्ट तर भारीच आहे. युद्धात ब्रिटिशांच्या हवाई दलाला ही विमानं अमेरिकेकडून लेंड-लीज करारावर मिळाली होती. म्हणजे युद्धापुरती. युद्ध संपल्यावर परत द्या, पैसे भरा, नाहीतर निकामी करा. परत नेणं परवडणारं नव्हतं. मग कानपूरला ती रांगेने उभी करून त्यांची मुद्दाम मोडतोड केली गेली, कुणी पुन्हा उडवू नयेत म्हणून.

आणि नेमकी तीच आपल्या लोकांनी उडवली. बंगळूरची हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी, आजची एचएएल. ही 1940 मध्ये सुरू केली ती आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, म्हैसूर संस्थानाच्या मदतीने. युद्धाच्या काळात तिथे अमेरिकन विमानांची दुरुस्ती व्हायची, त्यामुळे कारागिरांचा हात बसलेला होता. त्यांनी कानपूरच्या ढिगातून एकाचे भाग दुसऱ्याला लावत, जेमतेम उडतील एवढी तयार करून विमानं बंगळूरला नेली आणि तिथे नीट बांधली. अशी चाळीसच्या आसपास विमानं उभी राहिली. नोव्हेंबर 1948 मध्ये हवाई दलाची 5 नंबरची स्क्वाड्रन याच विमानांवर उभी झाली.

आज ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेतल्या संग्रहालयांत भारतातून गेलेली लिबरेटर आहेत. अमेरिकेत अनेक वर्षं लोकांना आकाशात उडताना दिसलेलं एक लिबरेटरही आपल्याकडचंच. ज्यांनी बनवलं त्यांनी मोडीत काढलं, आणि जे वाचलं त्यातलं बरंचसं आपल्या कारागिरांमुळे वाचलं. एक आपल्याकडे दिल्लीला, पालमच्या संग्रहालयात आहे. गेलात तर बघाच.

एवढं मोठं कशाला?

आबा आता पंच्याऐंशीचे आहेत. काचबिंदूमुळे त्यांना फक्त उजेड-अंधार कळतो. मी त्यांना आधी एक छोटं मॉडेल आणून दिलं होतं, 1:72 मापाचं, किटमधलं. त्यांनी हातात धरलं, दोनदा फिरवलं आणि म्हणाले, "छान आहे गं. पण यात माझं काही नाही."

ते मला फार लागलं. त्यांचं काय होतं? पत्रे, रिव्हेट, झडपा, आतली चिंचोळी वाट. छोट्या मॉडेलमध्ये हे बोटाला लागतच नाही. म्हणून मी 1:24 ठरवलं. म्हणजे खऱ्या विमानाचे 2 फूट म्हणजे माझा 1 इंच. खऱ्याचे पंख 110 फूट, माझे 55 इंच. लांबी साधारण 67 फूट, माझी साडेतेहतीस इंच. एवढ्या मोठ्या मापाचा किट मला काही मिळाला नाही, म्हणून मग शून्यापासून.

काम कसं चालतं?

खऱ्या विमानासारखंच. आधी सांगाडा. विमानाच्या पोटाचे आडवे काप कल्पा, पावाच्या स्लाइससारखे. प्रत्येक काप 2 मिमीच्या प्लास्टिक शीटमधून कापायचा, मधून एक उभा कणा घालायचा, आणि वरून अर्ध्या मिमीची शीट त्वचेसारखी चढवायची. प्लास्टिक विरघळवून जोडणारं जे पातळ द्रव असतं, त्याने जोडायचं. खिडकी उघडी ठेवा, मास्क लावा. मी पहिल्या महिन्यात नाही लावला आणि दोन दिवस डोकं धरून बसले.

पंख हे लिबरेटरचं वैशिष्ट्य. लांब आणि अरुंद. डेव्हिस नावाच्या माणसाच्या रचनेचा, म्हणून त्याला डेव्हिस पंख म्हणतात. त्यामुळे विमान लांबचा पल्ला मारायचं, पण मॉडेल करणाऱ्याचे हाल. माझा पहिला पंख मे महिन्याच्या उन्हाळ्यात चक्क वाकला. मी वरची त्वचा आधी चिकटवली आणि खालची आठवड्याने. एका बाजूचा ताण, दुसरं काय? दुसऱ्यांदा आत ॲल्युमिनियमची नळी आरपार घातली आणि दोन्ही बाजू एकाच दिवशी लावल्या.

इंजिनं चार. प्रत्येकात 14 सिलिंडर, सात-सातच्या दोन ओळींत. म्हणजे एकूण 56. प्रत्येक सिलिंडरला हवेने थंड व्हायला बारीक चकत्या असतात. त्या करणार कशा? हार्डवेअरच्या दुकानातून 8 मिमीचा आटे पाडलेला लोखंडी रॉड आणला आणि करवतीने 56 तुकडे केले. आटे म्हणजेच चकत्या! शिवाय एक फायदा फुकटात झाला. या विमानाला नाकाखाली चाक असतं आणि शेपटी जड. खरी विमानंही शेपटीवर बसू नयेत म्हणून खाली टेकू लावायचे. माझ्या इंजिनांचं लोखंड चाकांच्या पुढे आलं, त्यामुळे तोल बराच सावरला. उरलेलं वजन म्हणून नाकात शिशाचे तुकडे कोंबले, टायरवाले चाकाच्या बॅलन्सिंगला लावतात ते.

रिव्हेट तर लाखांनी. शिवणकामातलं दातेरी चाक वापरून पाहिलं, पण त्याचे दाते फार लांब. शेवटी जुन्या घड्याळाचं एक चक्र मिळालं, ते काडीला अडकवून फिरवलं. वरचा पत्रा म्हणून एसी बसवणारे वापरतात ती ॲल्युमिनियमची चिकट टेप. एकेक तुकडा कापून, खऱ्या पत्र्याच्या जागी लावायचा.

आता चूक

मी दिवसा काय काम करते माहितीये? एका कारखान्यात ड्रॉइंगप्रमाणे पार्ट बरोबर आलाय का, ते तपासते. आणि घरी? विमानाची ड्रॉइंग मी झेरॉक्सच्या दुकानात मोठी करून आणली. लांबी मोजली, बरोबर. उंची मोजलीच नाही.

सात महिने गेले. लिबरेटरच्या बॉम्बच्या कप्प्याला बाहेर उघडणारी दारं नसतात. दुकानाच्या शटरसारखी ती पोटाच्या कडेने वर सरकतात. ती शटरं मी छापील आकडे घेऊन वेगळी बनवली होती. बसवायला गेले तर कडेला 4 मिमीची फट. आधी वाटलं शटर चुकलं. मग मोजत मोजत मागे गेले तेव्हा कळलं, झेरॉक्स एकाच दिशेने ताणली गेली होती. सगळं पोट 4 मिमी उंच.

4 मिमी कुणाला दिसणार होतं? कुणालाच नाही. दोन दिवस मी स्वतःला हेच सांगत होते. पट्टी लावून फट बुजवता आली असती. पण ज्याच्यासाठी करतेय त्याला दिसत नाहीच, तो बोटांनी मोजतो. तिसऱ्या दिवशी पोट मोडलं. इंजिनं आणि पंख वाचले, बाकी पुन्हा.

तुम्ही असं काही करणार असाल तर एवढं ऐका. ड्रॉइंगवर आडवी आणि उभी, अशा दोन मापाच्या रेघा मारा आणि मोठी केल्यावर दोन्ही मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.

आबांची बोटं

दुसरं पोट झालं, टेप लावून झाली, चकचकीत. मी आबांना खुर्चीत बसवलं आणि विमान पुढ्यात ठेवलं. ते नाकापासून हात फिरवत मागे गेले. शटरपाशी थांबले, एक बोट आत घातलं. आत बॉम्बच्या कप्प्यातून जायला एक चिंचोळी पट्टी असते, खऱ्या विमानात 9 इंच रुंद. माझ्या मॉडेलमध्ये साडेनऊ मिमी, करंगळीएवढी. आबांची करंगळी बरोबर त्या पट्टीवर टेकली आणि ते हसले. "इथून वाकून जायचो. शटरवर पाय पडला तर गेलाच खाली, त्याला माणसाचं वजन पेलायचं नाही. आणि पेट्रोलचा वास! नवीन पोराला ओकारी यायची."

मग हात शेपटीकडे गेला आणि कपाळाला आठी पडली.

"हे उलटं लावलंयस."

मी म्हटलं, "काय आबा?"

"पत्रे. पुढचा पत्रा मागच्याच्या वर यायला हवा. वारा पुढून येतो ना? कौलांचं कसं, वरचं कौल खालच्यावर चढतं, म्हणजे पाणी आत जात नाही. तसंच हे. तू इथे वाऱ्याला दार उघडून दिलंस."

टेपची जाडी ती किती! तीसुद्धा त्यांच्या बोटाला लागली. शेपटीकडचे आठ तुकडे मी मागून पुढे लावत आले होते, कारण तसा हात सोपा पडत होता.

आणि पुढे म्हणाले, "शिवाय हे फार गुळगुळीत झालंय गं. आमची विमानं अशी कुठं होती? ठिगळं होती त्यांना. कानपूरची होती ना ती."

इथे मला कळलं की इतके दिवस मी भलतंच विमान बनवत होते. विलो रनमधून बाहेर पडलेलं, कोरं करकरीत. आबांचं विमान ते नव्हतंच. त्यांचं विमान मोडलेलं, जोडलेलं, वीस वर्षं राबलेलं होतं. कोऱ्या विमानात त्यांचे कष्ट दाखवायला जागाच नव्हती.

मग आम्ही दोघं बसलो. ते सांगणार, मी लावणार. ठिगळाचे कोपरे गोल का, तर टोकदार कोपऱ्यातून पत्र्याला चीर जाते. ठिगळाभोवती रिव्हेटच्या दोन ओळी का, एक का नाही. असलं काही मला कुठल्या ड्रॉइंगमध्ये मिळालं नव्हतं.

एक प्रश्न मी त्यांना विचारला, तुम्हीही विचाराल म्हणून सांगते. बॉम्ब ठेवायचे का आत? हे युद्धाचं यंत्र आहे. याच लिबरेटरांनी ब्रह्मदेश-सयामच्या रेल्वेवर, तिच्या पुलांवर बॉम्ब टाकले. ती रेल्वे जपान्यांनी युद्धकैद्यांना आणि मलायातल्या तमिळ मजुरांना राबवून बांधली होती, आणि त्या बॉम्बहल्ल्यांत कैदीही मेले. मी हे वाचून दाखवलं. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या वेळी ते समुद्रावर गस्त घालायचं. पण आधी काय केलं ते पुसू नकोस. अडकवायच्या चौकटी असू देत. रिकाम्या ठेव."

तशाच ठेवल्यात.

अजून दोन इंजिनांच्या नळ्या राहिल्यात, आणि नाकाची काच. मिठाईच्या झाकणाचं प्लास्टिक गरम करून लाकडी साच्यावर ओढायचं असतं. अकरा वेळा फसलंय, बाराव्यांदा उद्या बघते. आबा रोज विचारतात, "आज काय लावलंस?" मी दमून आले असले तरी निदान एक तुकडा लावते, उत्तर देता यावं म्हणून.

तुमच्या घरात कुणी गिरणीत, रेल्वेत, एसटीच्या वर्कशॉपमध्ये, कुठेही हाताने काम केलेलं असेल, तर त्यांना एकदा विचारा, तुम्ही नेमकं काय करायचात? हात कुठे ठेवायचात? फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. मॉडेल नाही केलंत तरी चालेल.

चला, कुकर झाला बहुतेक. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, ऐकत राहा!