आधी कागद, मग कैद
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



परवा एका पालकांनी मला विचारले, "सर, माणूस खरोखरच देशविरोधी असेल, तर कागदातली चूक काढून कोर्टाने त्याला का सोडावे?"

प्रश्न रास्त आहे. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस बळी पडले. अशा हिंसेला आवर घालण्यासाठी कडक कायदा हवा, हे कोण नाकारील?

पण त्याच गडचिरोलीतील एक खटला पाहा. माओवाद्यांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून दिल्लीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा व इतर पाच जणांना तेथील सत्र न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये शिक्षा सुनावली. पाच जणांना जन्मठेप झाली. ज्या यूएपीए कायद्याखाली हा खटला चालला, त्यात जामीन मिळणे फार कठीण. म्हणूनच त्यात एक अट घातलेली आहे. स्वतंत्र अधिकाऱ्याने आधी पुरावा तपासावा, मग सरकारने मंजुरी द्यावी, त्यानंतरच न्यायालयाने खटल्याला हात घालावा. साईबाबांच्या बाबतीत मंजुरी आली ती खटला सुरू झाल्यावर!

या मुद्द्यावर नागपूर खंडपीठाने १४ ऑक्टोबर २०२२ रोजी शिक्षा रद्द केली. दुसऱ्याच दिवशी, शनिवार असूनही, सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्व मुद्दे नव्याने ऐकावेत म्हणून प्रकरण परत पाठवले. ५ मार्च २०२४ रोजी खंडपीठाने मंजुरी आणि पुरावा दोन्ही तपासले. दोन्ही टिकले नाहीत. सर्वजण निर्दोष ठरले. परंतु एक आदिवासी आरोपी ऑगस्ट २०२२ मध्येच कैदेत असताना मरण पावला होता. चाकाच्या खुर्चीवर फिरणारे साईबाबाही सुटकेनंतर सात महिन्यांनी गेले.

त्या पालकांना माझे उत्तर एवढेच, की माणूस दोषी आहे की नाही हे शेवटी कळते. कागद पाहायचा तो सुरुवातीला. तो वेळेवर व नीट पाहिला, तर निर्दोषाची वर्षे वाचतात आणि दोषीही सुटत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, घटनेचे २२ वे कलम पाठ करा. अटकेचे कारण कळणे, वकील मिळणे, चोवीस तासांत न्यायाधीशांसमोर उभे केले जाणे हे आपले हक्क आहेत. प्रतिबंधक स्थानबद्धतेला त्यात अपवाद आहे, तोही समजून घ्या. पालकांनो, मुलामुलींना शिकवा. ज्याला कागद वाचता येत नाही, त्याला आपला हक्क मागताही येत नाही.

जय हिंद!