वऱ्हाडची किनारपट्टी



वऱ्हाडाला समुद्र नाही, हे कोकणातले पाहुणे आपणांस अधूनमधून ऐकवीत असतात, आणि आपणही ते निमूटपणे ऐकून घेतो. परंतु माणूस समुद्रावर जातो कशासाठी? जमीन जेथे संपते तेथे घटकाभर उभे राहावे, म्हणूनच ना! ती सोय आपल्याकडे चिखलदऱ्यास आहे. परतवाड्याहून घाट चढावा आणि दक्षिणेच्या एखाद्या कड्यावर उभे राहावे. पायाखालची जमीन एकाएकी तुटते आणि खाली पूर्णेचे खोरे नजर थकेपर्यंत पसरलेले दिसते. सकाळचे धुके असले तर समुद्राची उणीव भासायची नाही.

चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंच आहे. १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सन याने ते 'शोधून काढले' असे छापलेले असते. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या कोरकूंना हे वाचून गंमतच वाटत असेल! कीचकाला मारून भीमाने हात धुतले ते भीमकुंड आपण ऐकून आहात. पंचबोलला हाक मारली की दऱ्या ती पुनःपुन्हा परत देतात. मुले तेथून हलत नाहीत, आणि खरे सांगायचे तर मीही लवकर हलत नाही.

पण मंडळी गाविलगड टाळतात, कारण तेथे चालावे लागते. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला. वॉटर्लूला नेपोलियनला हरविणारा तो हाच. तोफांनी बाहेरचा तट फोडला, तरी आतल्या तटावर स्कॉच ब्रिगेडच्या शिपायांना शिड्या लावूनच चढावे लागले. आज तेथे पडक्या भिंती आहेत, तोफा आहेत, आणि तलाव आहेत.

या तलावांपाशी मी दरवेळी थबकतो. डोंगरमाथ्यावर पाणी, आणि खाली दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडे खारपाणपट्टा! विहीर खणावी, पाणी लागावे, आणि ते तोंडात धरवू नये. या भागातील ज्या बायाबापड्यांनी गोड्या पाण्यासाठी कोसभर हंडे वाहिले, त्यांना हे मी सांगायला नको. आज त्यांतल्या कित्येक गावांना नळाने पाणी येते. ते शहानूरच्या आणि वानच्या धरणांचे. आणि या दोन्ही नद्या याच डोंगरांतून उतरतात. चंद्रभागा तर देवी पॉइंटजवळच उगम पावते. आपण ज्याला देखावा म्हणतो, तो खालच्या माणसाचा पाणवठा आहे.

आणि त्या पाणवठ्यावर आपण काय ठेवून येतो? श्रावणातल्या एखाद्या रविवारी जाऊन पाहा. मोटारींची रांग, कड्याखाली रिकाम्या बाटल्या आणि पत्रावळींचा ढीग. त्यावर सरकारी पाटी लावून काही होईल, असा माझा अनुभव नाही.

म्हणून आपण आश्विनात जावे. तेव्हा गर्दी ओसरलेली असते, झरे मात्र वाहते असतात. एक रात्र मुक्काम करावा. सकाळी भाकरी बांधून गाविलगडला पायी निघावे, आणि बांधून नेलेले फडके व कागद परत घरी आणावेत. देवी पॉइंटला मुलांना ओढ्याच्या काठाने, जपून, कड्यापर्यंत न्यावे. पाणी खाली जाते कुठे, हे ती आपणहून विचारतीलच.