प्रश्न निष्ठेचा की आज्ञापालनाचा?

श्रोतेहो, ‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण आपल्या तोंडी नेहमीची. कुणी शपथ घ्यायला नकार दिला, की त्याच्या मनात काही काळेबेरे असणार, असेच आपण धरून चालतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात या म्हणीची चांगलीच कसोटी लागली. ती हकीकत आज सांगणार आहे.

युद्धात दोस्त असलेला सोव्हिएत रशिया युद्ध संपताच अमेरिकेचा शत्रू ठरला आणि देशात कम्युनिस्टांचा शोध सुरू झाला. अध्यक्ष ट्रुमन यांनी १९४७ मध्ये केंद्र सरकारच्या नोकरांची निष्ठा तपासण्याचा हुकूम काढला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात विद्यापीठांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट स्प्राऊल यांनी मार्च १९४९ मध्ये स्वतःच नियामक मंडळापुढे प्रस्ताव ठेवला : ‘सरकार बळाने उलथवू पाहणाऱ्या कोणत्याही पक्षाचा वा संघटनेचा मी सभासद नाही’ अशी शपथ प्रत्येकाने लिहून द्यावी. मंडळाने तो मान्य केला.

प्राध्यापक मात्र बिथरले. राज्यघटनेशी निष्ठेची शपथ ते आधीपासूनच घेत होते. मग त्यांच्याच वाट्याला ही जादा शपथ का? फेब्रुवारी १९५० मध्ये मंडळाने बजावले, सही करा नाहीतर नोकरी सोडा. बहुतेकांनी घरादाराचा विचार करून सही केली. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांनी केली नाही. तेव्हा ते साठी ओलांडलेले होते. तरुण सहकाऱ्यांना ते सांगत, तुम्ही सही करून आपल्या कामाला लागा. ज्यांना झेपेल ते आम्ही हा लढा लढू.

इतिहासकार एर्न्स्ट कांटोरोविच यांची गोष्ट तर विलक्षण आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत ते हातात बंदूक घेऊन कम्युनिस्टांविरुद्ध लढले होते. पुढे १९३४ मध्ये हिटलरशी निष्ठेची शपथ घ्यायला त्यांनी नकार दिला आणि अखेर देश सोडला. आता अमेरिकेतही ते सही करीनात! असल्या शपथांची सुरुवात कशी निरुपद्रवी असते आणि शेवट कुठे होतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

सही न करणाऱ्यांची चौकशी प्राध्यापकांच्याच समितीने केली. जुलैमध्ये मंडळाने १० विरुद्ध ९ मतांनी त्यांना ठेवून घेण्याचे ठरवले. पण शपथेचे कट्टर पुरस्कर्ते जॉन नेलन यांनी फेरविचाराचा डाव टाकला आणि २५ ऑगस्ट १९५० रोजी १२ विरुद्ध १० मतांनी ३१ जणांना काढून टाकण्यात आले. गव्हर्नर अर्ल वॉरन यांचे मत काढण्याच्या विरुद्ध होते. यांपैकी एकावरही कम्युनिस्ट असल्याचा आरोप नव्हता. मंडळाच्या चर्चेतच हे उघड झाले, की आता प्रश्न कम्युनिझमचा उरलेला नाही, तो मंडळाचा हुकूम मानण्याचा आहे. शत्रू शोधायला निघालेली शपथ अखेर विद्यापीठात चालणार कुणाचे, याच भांडणाचे हत्यार झाली होती.

१९५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही शपथ रद्द ठरवली. मात्र निकाल विचारस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर नव्हता. राज्याने १९५० मध्येच सर्व सरकारी नोकरांसाठी तशीच शपथ आणली होती. तेव्हा विद्यापीठाला वेगळी शपथ लादता येणार नाही, एवढेच न्यायालय म्हणाले. म्हणजे परतायचे तरी शपथ होतीच. काही परतले, काही परतले नाहीत. कांटोरोविच तोवर प्रिन्स्टनला गेले होते.

काढलेल्यांत डेव्हिड सॅक्सन नावाचे एक तरुण भौतिकशास्त्रज्ञ होते. १९७५ मध्ये ते याच कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रमुख झाले.

श्रोतेहो, त्या ३१ जणांकडे ‘कर’ नव्हताच. तरीही ते नाही म्हणाले. तेव्हा यापुढे कुणी सही करायला नकार देईल, तेव्हा त्याने काय लपवले आहे हे विचारण्याआधी, सही मागणाऱ्याला नेमके काय हवे आहे, हे एकदा विचारून पाहावे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)