साडेआठचा पाऊस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



मी अंजनवेलचा, म्हणजे वाशिष्ठीच्या मुखाशी वाढलेला. नोकरी मात्र घाटमाथ्यावरच्या एका वेधशाळेत केली. सुट्टीत घरी आलो की आई म्हणायची, "तुझ्या डोंगरावरच्या पावसाचं आम्हाला काय रे?"

उत्तर तिच्या अंगणासमोरच होतं. कोयना महाबळेश्वरला उगम पावते. तिचं पाणी खरं तर कृष्णेचं. पण धरणातून बोगद्यांवाटे ते सह्याद्री उतरतं, पोफळी-कोळकेवाडीला वीज देतं आणि वाशिष्ठीत पडतं. तिथून चिपळूणवरून आमच्या दाभोळ खाडीत.

वेधशाळेचं काम साधं, पण चुकवता न येणारं. पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत तापमापक असतात. ऊन आत येऊ नये म्हणून तिचं दार उत्तरेला. सकाळी साडेआठला देशभर एकाच वेळी पाऊस मोजतात. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरभर जागेवर एक लिटर पाणी.

नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात एका सकाळी वारा असा होता की मी पायरीवरूनच परतलो आणि अंदाजाने आकडा लिहिला. वरिष्ठांनी आधी वही पाहिली, मग माझा कोरडा रेनकोट. म्हणाले, "जागा रिकामी ठेवा, पण मनातला पाऊस लिहू नका." भिजत जाऊन मोजलं, तर पाऊस माझ्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट!

त्या आकड्यांची किंमत २०२१ साली पुन्हा कळली. २२ जुलैच्या पहाटे चिपळूण बुडालं. २३ तारखेच्या साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेव्हा मी निवृत्त होऊन घरी होतो. खाडीचं पाणी तांबडंलाल झालेलं पाहत होतो. दिवसातून एकदा मोजलेला पाऊस इतिहास सांगतो. खालच्या गावाला सावध करायचं तर तासातासाचा हिशेब हवा. आज स्वयंचलित पर्जन्यमापक तो देतात. पण नरसाळ्यात पाचोळा अडकला की यंत्रही चुकीचा आकडा सांगतं. तो पाचोळा काढायला भर पावसात कुणीतरी जावंच लागतं.

आई आज नाही. असती तर सांगितलं असतं, "वरचा पाऊस नीट मोजला, तरच खालची माणसं वेळेवर उठतात गं."