तप्त भूमीवरील वाटाड्या



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या शाळेत भूगोल शिकवीत. त्यामुळे आजचा विषय निवडताना मी साहित्याची नेहमीची वाट थोडी सोडली आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने ज्वालामुखीवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. भूशास्त्राचा अधिकार मला नाही आणि मी तो सांगणारही नाही. परंतु जागृत ज्वालामुखीच्या प्रदेशातून वाटाड्याच्या मागोमाग चालण्याचा योग मला आला, आणि त्या वाटेवर माझ्या लक्षात आले की पावलोपावली जो आधार मिळतो तो शब्दांचा असतो. तो शब्द कोठून येतो आणि त्यावर विश्वास का ठेवायचा, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रशांत महासागरातील हवाई बेटांच्या समूहात जे सर्वांत मोठे बेट आहे, त्यावर किलाउएआ नावाचा ज्वालामुखी आहे. उंची जेमतेम बाराशे मीटर. आपल्या मनातील टोकदार, धूर ओकणारा पर्वत तेथे दिसत नाही. एक विस्तीर्ण, मंद उताराचे पठार आणि त्याच्या माथ्यावर खचलेले प्रचंड विवर, असे त्याचे रूप आहे. १९१२ साली तेथे वेधशाळा स्थापन झाली आणि १ ऑगस्ट १९१६ रोजी त्या प्रदेशाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. मी गेलो ते वर्ष २०१६, म्हणजे उद्यानाच्या शताब्दीचे. तेव्हा माथ्यावरील हालेमाउमाउ या विवरात शिलारसाचे तळे २००८ पासून खदखदत होते आणि रात्री त्याचा तांबूस उजेड ढगांवर पडलेला दिसे. पूर्वेकडील दुसऱ्या मुखातून निघालेला प्रवाह त्याच वर्षीच्या जुलैत समुद्राला जाऊन मिळाला होता.

आम्ही चाललो ती वाट किलाउएआ इकीची. 'इकी' म्हणजे धाकटा. मोठ्या विवराच्या शेजारचे हे धाकटे विवर. पाच-सहा किलोमीटरांची ही वाट दाट, ओलसर जंगलातून सुमारे १२० मीटर खाली उतरते आणि मग एकाएकी झाडी संपून काळ्या, भेगाळलेल्या सपाटीवर येते. ही सपाटी म्हणजे शिलारसाच्या तळ्याची गोठलेली साय होय. १४ नोव्हेंबर १९५९ रोजी विवराच्या भिंतीला तडा जाऊन उद्रेक सुरू झाला आणि २० डिसेंबरपर्यंत थांबत थांबत चालला. त्यातील सर्वांत उंच कारंजे सुमारे ५८० मीटर उसळले होते. विवरात साचलेल्या रसाची खोली १०० मीटरहून अधिक होती. वर कवच धरले तरी आतला रस पूर्णपणे घट्ट व्हायला तीन दशकांहून अधिक काळ लागला. शास्त्रज्ञ त्या कवचाला भोके पाडून वर्षानुवर्षे आतील उष्णता मोजत राहिले.

आमच्या पुढे चालणाऱ्या बाई उद्यानाच्या सेवेत होत्या आणि त्याच बेटावर वाढलेल्या होत्या. त्यांनी प्रथम सांगितले ते दगडांच्या राशींविषयी. एकावर एक रचलेल्या त्या लहान राशींना तेथे 'आहू' म्हणतात. धुके उतरले, पाऊस आला, की काळ्या सपाटीवर दिशा कळेनाशी होते. अशा वेळी या आहूवरून त्या आहूकडे, एवढाच आधार असतो. म्हणून हौसेने नवी रास रचणे किंवा जुनीतला दगड उचलणे हा तेथे खोडसाळपणा ठरत नाही, अपराध ठरतो. चुकीची रास म्हणजे चुकीचा शब्द. मागून येणारा त्यावर विसंबतो.

पुढे भेगांतून वाफा निघत होत्या. मंडळी थोडी दचकली. बाईंनी सांगितले, हे पावसाचे पाणी आहे. ते झिरपून खाली अजून तापलेल्या खडकाला टेकते आणि वाफ होऊन परत येते. त्याच भेगांत नेचे उगवले होते आणि ओहिआ नावाच्या झाडाची रोपे होती. शिलारसाच्या नव्या भूमीवर प्रथम येणाऱ्या झाडांपैकी हे एक. त्याच्या तांबड्या, केसराळ फुलाला लेहुआ म्हणतात.

आता शब्दांकडे येतो. गोठलेल्या शिलारसाची दोन रूपे असतात. एक गुळगुळीत, दोरखंडाचे पीळ पडावेत तसे, ज्यावरून अनवाणीही चालता येईल. दुसरे खडबडीत, धारदार, सुट्या ढेकळांचे, ज्यावर पाऊल टाकले की जोडा फाटतो. पहिल्याला हवाईयन भाषेत 'पाहोएहोए' म्हणतात आणि दुसऱ्याला 'आआ'. अमेरिकन भूशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटन यांनी १८८० च्या दशकात हे शब्द शास्त्रीय परिभाषेत आणले, आणि आज जगभरच्या भूशास्त्रात, आपल्या दख्खनच्या खडकांविषयीच्या शोधनिबंधांतसुद्धा, हेच शब्द चालतात. पाहोएहोए थंड होत, वायू गमावत वाहिला तर त्याचा आआ होतो. उलट मात्र घडत नाही. ज्यांना त्या भूमीवरून पायी जायचे होते, त्यांना हा भेद ओळखणे भाग होते. भेद ओळखला म्हणून नावे पडली.

पण ज्या भाषेने जगाला हे शब्द दिले, तिची तिच्या घरी काय अवस्था झाली? १८९६ च्या कायद्याने हवाईतील शाळांत शिक्षणाचे माध्यम इंग्रजी ठरले. दोन-तीन पिढ्यांत ती भाषा घरातूनही मागे सरली. १९७८ साली तिला पुन्हा राजभाषेचा दर्जा मिळाला आणि १९८४ पासून लहान मुलांच्या हवाईयन माध्यमाच्या शाळा सुरू झाल्या. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवणाऱ्या आपणा इंदूरकरांना या तपशिलावर अधिक भाष्य नको.

भाषेबरोबर कथा जातात, आणि कथांबरोबर काय जाते याचे एक उदाहरण सांगतो. या भूमीची देवता पेले. तिने आपली धाकटी बहीण हिइआका हिला दूरच्या बेटावरून लोहिआउ या आपल्या प्रियकराला आणण्यास धाडले. तुझ्या लेहुआच्या वनाला मी धक्का लावणार नाही, असे वचन पेलेने दिले. हिइआकाला यायला उशीर झाला. पेलेने संतापून ते वन जाळले, बहिणीची सखी होपोए हिलाही जाळले आणि पुढे लोहिआउला मारून विवरात टाकले. हिइआका त्याचे शव शोधण्यासाठी खणू लागली. दगड उडू लागले. आणखी खोल खणू नकोस, पाणी लागेल आणि पेलेचा अग्नी विझेल, अशी विनवणी झाली तेव्हा ती थांबली.

विद्वानांनी ही कथा दीर्घकाळ मत्सराची पुराणकथा म्हणून वाचली. माथ्यावरचे मोठे विवर १७९० च्या स्फोटक उद्रेकात तयार झाले, असे भूशास्त्रज्ञ मानत असत. त्या उद्रेकात कूच करीत असलेल्या सैनिकांची व त्यांच्या कुटुंबीयांची एक तुकडीच मरण पावली होती. पुढे डॉन स्वान्सन या वेधशाळेतील शास्त्रज्ञाने राखेचे थर आणि त्यांचे वय तपासले, तेव्हा विवर सुमारे १५०० सालचे निघाले. त्याच्या आधी, पंधराव्या शतकात, काही दशके वाहिलेल्या शिलारसाने फार मोठे जंगल गिळले होते. म्हणजे आधी जळालेले वन, मग खणलेले विवर आणि उडालेले दगड, हा कथेतील क्रमच खडकात सापडला. २००८ साली त्यांनी हे मांडले.

याला एक पुरवणी आहे. मे २०१८ मध्ये हालेमाउमाउचे तळे ओसरले आणि विवराचा तळ ५०० मीटरहून अधिक खचला. २०१९ च्या जुलैअखेरीस त्या खोल तळाशी पाणी दिसू लागले. लिखित इतिहासात तेथे पाण्याचे तळे कधी नोंदले गेले नव्हते. २० डिसेंबर २०२० च्या रात्री नव्या शिलारसाने ते उकळून टाकले. कथा म्हणजे भाकीत, असे मी म्हणत नाही. परंतु फार खोल गेले की पाणी लागते, हे तेथल्या माणसाने केव्हातरी जाणले होते आणि ते सांगण्यासाठी त्याच्यापाशी कथा हेच साधन होते, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

वाटाड्याच्या शब्दामागे अशा दोन परंपरा उभ्या असतात. एक पिढ्यांच्या पायांनी जमवलेली, दुसरी यंत्रांनी मोजलेली. त्या बाई दोन्ही बोलत. विवराच्या काठाशी समांतर भेग दिसली की मागे सरा, कारण तो काठ अधांतरी असू शकतो, हे त्यांनी त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले होते आणि वेधशाळेच्या पुस्तकातही वाचले होते. दुसऱ्या दिवशीची आमची फेरी त्यांनी रद्द केली. वाऱ्याची दिशा बदलली होती आणि गंधकाचा वायू वाटेवर येत होता. दम्याच्या, हृदयविकाराच्या माणसाला तो घातक. लांबून आलेले काही प्रवासी नाराज झाले, वाद घालू लागले. बाईंनी आवाज चढवला नाही आणि निर्णयही बदलला नाही. मला वाटते, वाटाड्याची खरी परीक्षा येथे होते. वाट दाखवणे सोपे. वाट आज नाही, असे पैसे मोजून आलेल्या माणसाला सांगणे अवघड.

हे अधिकार क्षीण झाले तर काय होते? १६ जुलै २०१८ रोजी, त्याच बेटावर, समुद्राला मिळणारा शिलारस पाहण्यासाठी प्रवाशांना घेऊन गेलेल्या बोटीवर स्फोटातून उडालेला तप्त दगड आदळला आणि २३ जण जखमी झाले. त्या वर्षीच्या उद्रेकात ७०० हून अधिक इमारती नष्ट झाल्या, तरी शिलारसाने एकही बळी घेतला नाही, कारण लोकांना वेळीच हलवले गेले होते. न्यूझीलंडमधील व्हाकारी बेटाची कथा अधिक दुःखद आहे. १८ नोव्हेंबर २०१९ रोजी तेथील धोक्याची पातळी एकवरून दोनवर नेण्यात आली. सहली चालूच राहिल्या. ९ डिसेंबरला दुपारी दोनच्या सुमारास स्फोट झाला तेव्हा बेटावर ४७ माणसे होती. त्यांपैकी २२ मरण पावली. मृतांत वाटाडेही होते. त्यांचे ज्ञान कमी होते किंवा धैर्य कमी होते, असे मानण्याचे कारण नाही. प्रश्न असा की, त्या सकाळी 'आज नको' असे म्हणण्याचा अधिकार खरोखर कोणाच्या हाती होता? मोजणारे एक, सहली विकणारे दुसरे, पुढे चालणारे तिसरे, अशी वाटणी झाली की इशारा कागदावर उरतो आणि बोट सुटते.

आपण माळव्यात राहणारी माणसे म्हणू की आम्हांला याचे काय? आपल्या पायाखालचा खडक हाही थिजलेला शिलारसच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो थरांवर थर वाहिला आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी त्याने झाकलेली आहे. पातालपाणीला धबधब्याच्या कड्यात हे थर उघडे दिसतात. इंग्रजीत त्यांना 'ट्रॅप' म्हणतात. तो शब्द जिन्याच्या पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला. आपली भूमी कधीच निवाली आहे, म्हणून आपल्याला तिच्यावरून चालताना वाटाड्या लागत नाही. परंतु पूर आलेल्या नदीच्या काठी, निसटत्या कड्यावर आणि गर्दीच्या यात्रेत आपल्यालाही कोणीतरी 'थांबा' म्हणणारा लागतोच. आपण त्याला विचारतो का, विचारले तर ऐकतो का, आणि ऐकायचे ठरवले तर त्याला तसे म्हणण्याचे स्वातंत्र्य दिलेले असते का, याचा विचार पालकांनी, शिक्षकांनी आणि सहली नेणाऱ्या प्रत्येक संस्थेने करावा.

माझी सूचना साधी आहे. शाळेची सहल कोठेही जावो, तिच्यासोबत त्या जागेचा एक जाणता माणूस असावा. त्याने गावच्या भाषेतील नावे मुलांना सांगावीत, ती मुलांनी वहीत उतरवावीत, आणि परत फिरायचे की पुढे जायचे याबाबत त्याचा शब्द मुख्याध्यापकांनीही अखेरचा मानावा. यासाठी फार खर्च लागत नाही.