मान कुठंय, धन कुठंय?

१८४८ साली पुण्यात सावित्रीबाई शिकवायला निघाल्या, तेव्हा त्यांच्यावर शेणमाती फेकली. आता शेण फेकत नाहीत. आता 'मानधन' देतात.

२ ऑक्टोबर १९७५ ला अंगणवाडी सुरू झाली. पहिल्याच फेरीत धारावीत. बाई पोरांना गाणी-अक्षरं शिकवते, वजनं करते, आहार वाटते, गरोदर बायांच्या नोंदी ठेवते. वर मतदारयाद्यांचं काम. मग ही शिक्षिका नव्हे? सरकार म्हणतं, नव्हे, ती 'मानसेवी'. म्हंजे वेतनश्रेणी नाही. २००६ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, ही सरकारी नोकर नाही. २०२२ मध्ये त्याच कोर्टानं तिला १९७२ च्या कायद्याची ग्रॅच्युइटी लागू केली. तोवर कितीजणी रिकाम्या हातानं घरी गेल्या?

ह्या जागेवर नेमणूक फक्त बाईची. का? पोरं सांभाळणं हा म्हणे बाईचा स्वभाव. आणि स्वभावाला पगार नसतो! ही चाल आपण ओळखतो. आपल्या बापजाद्यांना सांगितलं, झाडू मारणं तुमचा धर्म. धर्माला मजुरी नसते. शब्द बदलला, हिशेब तोच.

४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस संपावर होत्या. आपल्यातली किती पोरं त्यांच्या मंडपात गेली? आपल्याच वस्तीतल्या आयाबहिणी त्या. समतेच्या घोषणांनी घसा बसतो आपला, तिच्या पगारावर मात्र आवाज फुटत नाही.

मागणी एकच. शिक्षिका म्हणा, वेतन द्या. पुढच्या मोर्चाला भाषण ठोकायला नाही, तिच्या रांगेत चालायला या.