माळ आणि वाटा

(शतकपूर्ती सप्ताहात तळेघर येथे झालेलं भाषण, जसं बोललं गेलं तसं)





दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून आम्हाला चार शब्द बोलायला उभं केलंय. इतिहासावर दुसरी मंडळी बोलणारच आहेत, त्यांना तारखा पाठ आहेत. आम्ही विषय घेतलाय तो दर साल ज्येष्ठात, दिंडी निघायच्या आधी पारावर निघतो तो. नाव नोंदवायला कुणी आला की मागून हळूच कुणीतरी म्हणतं, "याच्या घरात तर बोकड कापत्यात. कापतो पण हाच." मग वही तिथंच थांबते. लिहायचं का नाही? पंगतीला शेजारी बसवायचं का नाही? शंभर वर्षांत हा प्रश्न पुरता सुटलेला नाही. आज मोठ्यानं बोलून तर घेऊ.

आपला मुलूख कसा आहे ते आपल्याला कुणी सांगायला नको. भीमाशंकरच्या वाटेवरचा हा घाटमाथा. चार महिने पाऊस. भात, नाचणी, वरई आणि हिरडा यावर घर चालायचं. डाळ विकत आणायची. पहिल्या पावसात ओढ्याला वलगणीचे मासे चढतात, खडकाखालून खेकडे निघतात, आणि नेमकी त्याच दिवसांत आपली दिंडी आळंदीला निघते. म्हणजे एक भाऊ टाळ घेऊन निघालेला आणि दुसरा भाऊ कंदील घेऊन खेकड्याला निघालेला, एकाच उंबऱ्यातून! अशी कितीतरी घरं इथं समोर बसली आहेत. घरात आई माळकरी, बाप नाही. सासू माळकरी, सून नाही. बाईनं माळ घातली की पुरुष मंडळी अंगणात तीन दगडांची चूल मांडतात, भांडी वेगळी ठेवतात, आणि घरातली चूल तिच्यासाठी सोवळी राहते. यात भांडण झालं तरी घर मोडल्याचं आम्ही बघितलेलं नाही.

आता वाट्याचं सांगतो. तरुण पोरांना वाटेल, महाराज सप्ताहात मटणाचं काय सांगायला लागले! ऐका जरा.

आषाढी झाली, पौर्णिमेचा काला झाला, दिंडी घरी आली की पुढं अमावास्येपर्यंत आखाड. चार-पाच घरं मिळून एक बोकड घेतात. कुणाच्या तरी गोठ्यातलाच असतो, करडू असल्यापासून सगळ्यांनी पाहिलेला. पोरांनी त्याला पाला घातलेला असतो. त्याला कुंकू लावतात, अंगावर पाणी शिंपडतात. त्यानं अंग झाडलं की पुढचं काम. नाही झाडलं तर माणसं थांबतात. घाई नाही करत. कापणारा माणूस ठरलेला असतो, कारण सगळ्यांना ते जमत नाही. सुरी धारेची लागते आणि हात थरथरता चालत नाही. बोथट सुरीनं जनावर हाल होऊन मरतं, आणि त्याची लाज त्या माणसाला वर्षभर पुरते. मग फांदीला टांगून कातडं उतरवायचं, पोट मोकळं करायचं, वजडी ओढ्यावर धुवायची. आणि मग वाटे. पानांवर सारखे वाटे घालतात. प्रत्येक वाट्यात काळजाचा तुकडा, गुडद्याचा तुकडा, चरबी, हाड, सगळं थोडं थोडं. तराजू नाही. डोळ्याचा अंदाज आणि चार माणसांची साक्ष. ज्यानं वाटे घातले त्यानं आपला वाटा शेवटी उचलायचा. एकट्या म्हातारीच्या घरी वाटीभर रस्सा जातो, तिनं पैसे दिलेले नसले तरी. त्या जनावराचं काही वाया जात नाही.

आम्ही हे माळकरी म्हणून लांब उभं राहून पाहिलेलं आहे, आणि एक गोष्ट नेहमी दिसली. कापणारा माणूस त्या दिवशी गप्प असतो. बाकीचे हसतील, बोलतील, तो हात धुऊन कडेला बसतो. जेवतोही कमी. त्याला माहीत असतं आपण काय केलं ते.

खालच्या पट्ट्यातल्या गावगाड्यात हे काम मुलाण्याचं होतं. बकरं हलाल करायचं, त्याचा हक्क घ्यायचा. त्र्यंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ सालचं, त्यात बलुतेदार-अलुतेदारांचं सगळं वर्णन आहे. कापण्याचं काम एकाला लावून दिलं की बाकीच्यांचे हात कोरडे राहतात. आपल्या डोंगरात मात्र बहुतेक ज्यानं खायचं त्यानंच कापायचं असं चालत आलं.

आता काय झालंय? आता घोडेगावला नाहीतर मंचरला जायचं, ब्रॉयलर कोंबडी सांगायची, आणि मोबाईलमध्ये तोंड घालून उभं राहायचं. आत पिंपात कोंबडी फडफडते, बाहेर आपण व्हिडिओ बघतो. पाच मिनिटांत काळी पिशवी हातात. आखाडात एक दिवस असायचं ते आता दर बुधवारी आणि रविवारी. आणि हाच पोरगा गावात बोकड कापताना दिसला की म्हणतो, "ईऽऽ, मला नाही बघवत." अरे बाबा, तुला बघवत नाही पण खाववतं! आमचा प्रश्न एवढाच आहे, की या दोघांत वही कुणाच्या नावाला थांबवायची? पारावर आपण थांबवतो ती कापणाऱ्याच्या. पिशवीवाल्याला कुणी विचारत नाही, कारण त्याचे हात स्वच्छ दिसतात.

शास्त्राला हे माहीत होतं. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मांस खाण्याचा विचार आहे. तिथं मारणारा एकटा धरलेला नाही. संमती देणारा, तुकडे करणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा, खाणारा, सगळे मारणारेच म्हटले आहेत. मनुस्मृतीतलं बरंच काही आम्हाला मान्य नाही, ते इथं उघड सांगतो. पण हा हिशोब चोख आहे.

महाभारताच्या वनपर्वात धर्मव्याधाची गोष्ट आहे. कौशिक नावाचा तपस्वी झाडाखाली बसलेला. वरून बगळीनं घाण टाकली. यानं रागानं वर पाहिलं आणि बगळी मरून खाली पडली. पुढं तो भिक्षेला एका घरी गेला. त्या बाईला नवऱ्याला वाढायचं होतं म्हणून उशीर झाला. हा रागावला, तर ती म्हणाली, मी काही ती बगळी नाही. मग तिनंच त्याला मिथिलेला पाठवलं, धर्म शिकायला. कुणाकडे? मांस विकणाऱ्या व्याधाकडे! तो व्याध खाटकाच्या दुकानात बसलेला. आईबापाची सेवा करणारा, स्वतः मांस न खाणारा, आणि दुसऱ्यांनी मारलेल्याचं मांस विकणारा. तो आपल्या धंद्याचं कौतुक करत नाही. हे घोर कर्म आहे असंच म्हणतो. पण शेत नांगरणाऱ्याच्या फाळाखाली किती जीव मरतात तेही कौशिकाला विचारतो. आम्हाला या गोष्टीत बगळी फार महत्त्वाची वाटते. कौशिकाच्या हातात सुरी नव्हती. तरी मारलं त्यानंच.

सजन कसायाची कथा कीर्तनात तुम्ही ऐकलीच आहे. वजन म्हणून तराजूत ज्या दगडानं मांस तोलायचा तो शाळिग्राम निघाला. साधूनं तो उचलून देवघरात नेला, तर देव स्वप्नात येऊन म्हणाला, मला परत त्याच्या तराजूत नेऊन ठेव. आपल्या संतांनी त्याचं नाव प्रेमानं घेतलं, आणि सधना म्हणून त्याचं पद शिखांच्या गुरुग्रंथसाहेबातही आहे. आणि चोखोबा? ज्या समाजावर गावातली मेलेली जनावरं ओढायचं काम लादलं, त्यालाच ओढतोस म्हणून विटाळ ठरवलं. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, आणि त्यांच्या लेकरांना आत जाता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. वहीवर हात थांबला की आम्हाला हे आठवतं.

म्हणजे कापा, खा, काही हरकत नाही, असं आम्ही म्हणतोय का? नाही. आमच्या गळ्यात माळ आहे आणि ती आम्ही विचार करून घातली आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी अहिंसा सांगितली ती वाचा, सावकाश वाचा. ती मनात आधी उगवते, मग बोलण्यात, नजरेत, हातापायांत उतरते. पाऊल टाकताना खाली जीव असेल म्हणून तो जपून टाकतो. यज्ञासाठी, औषधासाठी जीव घेऊन त्याला अहिंसा म्हणणाऱ्यांनाही माउलींनी सोडलेलं नाही. एवढ्या कसाला लावलं तर माळकरी तरी कुठं उतरतो?

आपल्यातले किती माळकरी शेरडं पाळतात? हात वर करायला नको. शेळी ठेवतो, करडं होतात, पाट आपण राखतो आणि बोकड बाजारात देतो. व्यापारी तो कशाला नेतो ते आपल्याला ठाऊक आहे. त्या पैशांतून पोराची फी भरतो, दिंडीची भिशीही भरतो. म्हशीला टोणगा झाला तर त्याला दुधाचा थेंब मिळत नाही. चार-आठ दिवसांत तो गोठ्यातून दिसेनासा होतो आणि दूध आपण डेअरीला घालतो. २०१५ पासून बैल कापायला राज्यात बंदी आली. कायदा झाला, पण म्हाताऱ्या बैलाला वैरण कुणी घालायची? म्हणून कुणाच्या तरी शेतात त्याला रात्री सोडून येतात. सुरी नाही, रक्त नाही, पण भुकेनं मरतो तो मरतोच. हे आम्ही कुणाला खाली बघायला लावण्यासाठी सांगत नाही. शेतकऱ्याचं घर असंच चालतं. पण माळ घातली म्हणजे आपण त्या हिशोबातून सुटलो, असं कुणी समजू नये.

जुन्नर तालुक्यात आळ्याला जा. माउलींनी ज्याच्या तोंडून वेद बोलवले त्या रेड्याची तिथं समाधी आहे. पैठणहून परतताना तो माउलींबरोबर चालत होता, आळ्याच्या रानात त्यानं देह ठेवला, आणि त्या भावंडांनी त्याला माणसासारखी समाधी दिली. आपण तिथं नारळ फोडतो, गुलाल वाहतो. मग गोठ्यात आपल्या टोणग्याकडे बघावं. निदान एक सड तरी त्याला ठेवावा.

देवाच्या नावानं कापण्याबद्दल मात्र आमचं मत स्पष्ट आहे. डोंगरावरच्या देवांना, वाघोबाला कोंबडं-बोकड द्यायची रीत वाडवडिलांची. तिच्यामागं भीती होती, वाघ होता, रोगराई होती, त्याची टिंगल आम्ही करणार नाही. पण गाडगेबाबा जत्राजत्रांतून हातात खराटा घेऊन हेच सांगत फिरले. स्वतःच्या मुलीच्या बारशालाही त्यांनी मटण-दारूचा रिवाज मोडून गोड जेवण घातलं. भूक आपली आहे ना? मग तसं म्हणावं. देवाला मधे घालू नये.

आणि गरिबाच्या ताटाकडे बघताना जीभ आवरावी. ओढ्यातला खेकडा, बाजारातलं सुकट, हे कित्येक घरांत पावसाळ्याचं कालवण आहे. आदिवासी भागातल्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून लेकरांना अंडं नाहीतर केळं देतात. ज्याला जे चालेल ते त्यानं घ्यावं. बाळंतिणीच्या अंगात रक्त नाही आणि माळकरी सासू अंड्यावरून तिला बोलते, हे आमच्या कानावर आलंय. ते बंद व्हावं.

तर वहीचं काय? आम्ही जुन्या मंडळींनी बसून ठरवलंय ते सांगतो, पटलं तर धरा. नाव सगळ्यांचं लिहायचं. निघाल्यापासून काला होईपर्यंत वाटेवर मांस-दारू नाही, हा नियम सगळ्यांना, माळ असो नसो. पंगत एक. वाढपी कोण हे घरात काय शिजतं त्यावर ठरायचं नाही, हात धुतलेत का त्यावर ठरायचं. माळ ज्याला घालायची त्यानं घरच्यांना विचारून, पेलेल तेव्हा घालावी. दिंडीत मान मिळतो म्हणून माळ घालायची आणि आखाडात ती खुंटीला टांगायची, त्यापेक्षा बिनमाळेचा चाललेला बरा. आणि ज्यांच्या गोठ्यात टोणगे आहेत, म्हातारे बैल आहेत, त्यांच्यासाठी दिंडीच्या शिल्लक पैशातून उन्हाळ्यात थोडी वैरण घेता येईल का, याचा हिशोब खजिनदारांनी काला झाल्यावर मांडावा. पेंढा आपल्याकडं पिकतोच, नुसता गोळा करायचा आहे.

गेल्या साली वही ज्याच्या नावाला थांबली होती तो माणूस आज मागं मंडपाच्या खांबाशी बसलाय. सकाळपासून तोच पाण्याचे हंडे वाहतोय. त्याचं नाव आज लिहिलं आहे, सहाव्या ओळीत. हरिपाठाची वेळ झाली, टाळ घ्या.

पुंडलिक वरदे हारी विठ्ठल!